मुखवटा आणि मुलूख : सातारा-सांगलीकडील चित्रकथावाचकाची वीरकल्पना

१

मराठी वाचकाचा विचार करताना अभ्यासकांनी कादंबरीचा वाचक, नाटकाचा प्रेक्षक आणि पोवाड्याचा श्रोता ह्यांची यथायोग्य दखल घेतली आहे. चित्रकथांचा, म्हणजेच सर्वत्र 'कॉमिक्स' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुस्तिकांचा वाचक मात्र बहुधा उपेक्षित राहिला. ह्या पुस्तिका पोरासोरांच्या, त्यांतील नायक परके, आणि वाचून झाल्यावर त्यांची जागा रद्दीत, अशी तीन कारणे ह्या उपेक्षेच्या समर्थनार्थ दिली जातात. तिन्हींत तथ्य नाही असे नाही. परंतु त्यांवरून त्या वाचकाने काय वाचले, कसे वाचले आणि वाचून काय मत बनविले, हा प्रश्न गैरलागू ठरत नाही.

हा प्रश्न सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात विचारला असता त्याला विशेष अर्थ प्राप्त होतो. हे दोन्ही जिल्हे पूर्वी बव्हंशी एकाच सातारा जिल्ह्यात मोडत. १९४९ मध्ये त्यांतून दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. ह्याच मुलखात १९४२ नंतरच्या काही वर्षांत शेकडो माणसे दुहेरी आयुष्य जगली. दिवसा शेतकरी वा पाहुणा आणि रात्री भूमिगत कार्यकर्ता, अशा माणसांच्या हकिकती येथील घराघरांत सांगितल्या गेल्या. अशा घरात वाढलेला मुलगा जेव्हा मुखवटा घातलेल्या, दुहेरी आयुष्य जगणाऱ्या नायकाची चित्रकथा हाती घेतो, तेव्हा त्या नायकाला लावण्याचे एक माप त्याच्यापाशी आधीच असते. ते माप कोणते, आणि त्या मापाने सुपरहिरो कितपत उतरतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

प्रथम वाचनसामग्रीचा परिचय करून घेणे इष्ट ठरेल. मुखवटा आणि अंगाला घट्ट बसणारा पोशाख घातलेला नायक अमेरिकन वृत्तपत्रांतील चित्रपट्टीत रूढ झाला तो ली फॉक ह्यांच्या 'फँटम'मुळे. ही चित्रपट्टी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. त्याआधी १९३४ मध्ये फॉक ह्यांनीच जादूगार मँड्रेक निर्माण केला होता. जेरी सीगेल आणि जो शुस्टर ह्यांचा सुपरमॅन १९३८ मध्ये, बॉब केन आणि बिल फिंगर ह्यांचा बॅटमॅन १९३९ मध्ये, आणि स्टॅन ली व स्टीव्ह डिटको ह्यांचा स्पायडरमॅन १९६२ मध्ये अवतरला.

मराठी वाचकापर्यंत ह्या परंपरेतील नायक नियमितपणे पोहोचला तो 'इंद्रजाल कॉमिक्स'च्या द्वारे. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने, म्हणजे बेनेट, कोलमन आणि कंपनीने, मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली. इंग्रजीबरोबरच मराठीसह अनेक भारतीय भाषांत ती निघाली. आरंभीचे ३२ अंक एकट्या फँटमला वाहिलेले होते. त्यानंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आदी नायक आळीपाळीने येऊ लागले. १९७६ मध्ये आबिद सुरती ह्यांनी 'बहादूर' हा भारतीय नायक तिला दिला. १९९० मध्ये मालिका बंद पडली. ह्यावरून असे दिसते की, सातारा-सांगलीकडील ज्या पिढीने सुपरहिरोचे पहिले वाचन केले तिचा खरा परिचय सुपरमॅनशी नव्हे, तर प्रथम फँटमशी झाला. आणि तोही 'वेताळ' ह्या नावाने. ह्या गोष्टीचे महत्त्व पुढे दिसून येईल.

चित्रांतून कथा वाचण्याची सवय मात्र ह्या प्रदेशाला नवी नव्हती. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांचे 'चित्ररामायण' १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून सुरू झालेल्या मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः व्यंगचित्रे काढीत. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. चौकटीतील चित्र आणि त्याखालील वा त्यातील मजकूर ह्यांची सांगड घालणे ही गोष्ट येथील सुशिक्षित घरांत एव्हाना परिचयाची झाली होती.

३

आता वाचनाची रीत पाहू. चित्रकथेचा चाहता कादंबरीच्या वाचकाप्रमाणे एका बैठकीत पुस्तक संपवून ते बाजूला ठेवीत नाही. त्याचे पहिले वाचन चित्रांचे असते. पाने भराभर उलटून नायक कोठे अडकतो व कसा सुटतो हे तो पाहून घेतो. दुसऱ्या वाचनात संवादांचे फुगे वाचले जातात. तिसरे आणि त्यापुढील वाचन तपशिलाचे असते. अंगठीची खूण कोणत्या गालावर उमटली, गुहेतील सिंहासन मागील अंकात होते तसेच आहे काय, नायकाच्या तोंडी मागील कथेशी विसंगत असे काही आले काय, ह्यांचा हिशेब तेव्हा मांडला जातो. अंक एस. टी. स्थानकावरील वा मिरज जंक्शनसारख्या रेल्वेस्थानकावरील पुस्तकविक्रेत्याकडे मिळत. पुष्कळदा ते मित्रांकडून अदलाबदलीने येत, आणि म्हणून क्रमाने येत नसत. अक्रमाने मिळालेल्या अंकांचा क्रम मनात लावणे, हा ह्या वाचनातील एक मोठा बौद्धिक व्यापार होय. अपुऱ्या पोथ्यांवरून मूळ संहिता ठरविणाऱ्या संशोधकाच्या व्यापाराशी त्याचे साम्य आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

अशा वाचनातून ठाम मते तयार होतात. त्यांपैकी तीन मते चाहत्यांच्या चर्चेत पुनःपुन्हा आढळतात. पहिले असे की, नायकाची शक्ती जितकी अमर्याद, तितकी कथा दुबळी. सुपरमॅनच्या कर्त्यांनाही ही अडचण जाणवली असावी. त्याला निर्बल करणारे 'क्रिप्टोनाइट' प्रथम १९४३ मध्ये नभोवाणीवरील मालिकेत आणि १९४९ मध्ये चित्रकथेत आणावे लागले. उलट वेताळ आणि बॅटमॅन ह्यांच्यापाशी शरीर, सराव आणि दरारा ह्यांपलीकडे काही नाही. म्हणून त्यांचा विजय कमावलेला वाटतो. दुसरे मत असे की, चित्रकार बदलला की नायक बदलतो. विल्सन मॅकॉय ह्यांच्या साध्या रेषेतील वेताळ आणि १९६१ नंतर सी बॅरी ह्यांनी रेखाटलेला सुघटित वेताळ ह्यांच्यांत कोण श्रेष्ठ, हा वाद रंगतो. तिसरे मत असे की, नायक मरणार नाही हे ठाऊक असूनही कथा वाचावीशी वाटते, कारण उत्सुकता 'काय' ह्याची नसून 'कसे' ह्याची असते.

हे तिसरे मत पोवाड्याच्या श्रोत्याला मुळीच नवे वाटणार नाही. सिंहगडावर तानाजीचे काय झाले हे ठाऊक नसलेला श्रोता शाहिरासमोर सहसा बसत नाही. वीरकथा पुनःपुन्हा ऐकण्याची सवय आणि चित्रकथा पुनःपुन्हा वाचण्याची सवय ह्या एकाच जातीच्या आहेत. भेद इतकाच की, पोवाड्यातील वीर मरू शकतो आणि मरतोही. चित्रकथेतील नायकास मालिकेचा पुढील अंक निघावयाचा असल्यामुळे मरण्याची मुभा नसते.

४

'फँटम'चा 'वेताळ' झाला ह्याला केवळ भाषांतर म्हणता येणार नाही. मूळ शब्दाचा अर्थ भास, छाया, भूत असा आहे. मराठीत भूत, पिशाच, समंध असे कितीतरी शब्द उपलब्ध होते. परंतु वेताळ हा नुसता भूत नव्हे. तो भुतांचा अधिपती. महाराष्ट्रातील अनेक गावांत त्याचा शेंदूर लावलेला तांदळा गावाच्या सीमेवर असतो. तो भयंकर आहे, पण गावाच्या बाजूचा आहे. रात्री त्याची पालखी निघते, अशी लोकसमजूत आहे. संस्कृत कथापरंपरेतील वेताळ तर कथा सांगणारा आणि न्यायाचा प्रश्न विचारणारा आहे. अशा रीतीने, समुद्रापलीकडून आलेला एक गोरा मनुष्य ह्या नावामुळे एकदम सीमेवरच्या रखवालदाराच्या जागी जाऊन बसला. मालिकेने आणखीही बदल केले. मूळ कथेतील 'बेंगाली' ह्या देशाचे 'डेंकाली' झाले आणि 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा'. भारतीय वाचकास हे प्रदेश व हे खलनायक आपले वाटून तो दुखावू नये, एवढाच हेतू त्यामागे दिसतो. म्हणजे खलनायकाचे भारतीयत्व पुसले गेले, आणि नायकास मात्र ते नामांतराने बहाल झाले.

हा वेताळ नव्या घरात रुजला खरा. परंतु रुजल्यावर त्याची तुलना घरातील दुसऱ्या वीरांशी होणे अपरिहार्य होते.

५

सुपरहिरोच्या कथेचा कणा म्हणजे गुपित. क्लार्क केंट हाच सुपरमॅन, हे त्याच्या शेजारी बसणाऱ्या लोइस लेनला दीर्घकाळ ठाऊक नसते. पीटर पार्कर आपले कार्य घरातील काकूपासूनही लपवितो. एक मनुष्य साऱ्या जगापासून आपली ओळख लपवितो, असे ह्या गुपिताचे स्वरूप असते. ते संभवनीय वाटते, कारण ह्या कथा महानगरांत घडतात. जेथे जिन्यात भेटणारा मनुष्य कोण हे शेजाऱ्यास ठाऊक नसते, तेथे चश्मा लावणे वा मुखवटा चढविणे ओळख लपविण्यास पुरेसे ठरते. गुप्त ओळख ही कल्पना मुळात नागर आहे.

कृष्णाकाठच्या गावात हे शक्य नाही. तेथे चालण्याच्या ढबीवरून मनुष्य ओळखला जातो आणि परक्याची चाहूल कुत्र्यांच्या आधी माणसांना लागते. तरीही ह्याच प्रदेशात सरकारच्या हाती न लागता माणसे वर्षानुवर्षे वावरली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूज येथील मोर्च्यावर गोळीबार झाला आणि त्यानंतर चळवळीने भूमिगत वळण घेतले. १९४३ पासून प्रतिसरकारचे कार्य सुरू झाले. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील हे त्याचे सर्वपरिचित नेते होते. कुंडलच्या परिसरात जी. डी. बापू लाड आदींनी तूफान सेना उभारली. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडविण्यात आली. नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले. त्यांना मुखवटा नव्हता. त्यांचा चेहरा मुलखाला ठाऊक होता, आणि ज्यांना तो ठाऊक होता त्यांनीच तो लपविला.

येथे दोन वीरकल्पनांतील भेद स्पष्ट होतो. सुपरहिरोच्या कथेत एक मनुष्य आपले गुपित सर्वांपासून राखतो; सातारच्या हकिकतीत सर्वजण मिळून एकाचे गुपित सरकारपासून राखतात. पहिल्यात नायकाचे बळ तो कोण हे कोणासही ठाऊक नसण्यात आहे. दुसऱ्यात ते सर्वांना ठाऊक असण्यात आहे. भाकरी कोणी पोहोचविली, निरोप कोणी नेला, कोणत्या वस्तीवर मुक्काम पडला, ह्या गोष्टी तेथे उपकथानके नसून प्रत्यक्ष वीरकर्मे होत.

नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील (१९२६–२०२१) ह्यांचा एक प्रसंग ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी नवरा मारहाण करीत असलेल्या बायकोचे सोंग वठविले. पोलीस भांडण सोडविण्यात गुंतले असता सहकाऱ्यांनी ठाण्यातील बंदुका नेल्या. सुपरहिरो नेहमीच्या आयुष्यातून बाहेर पडण्यासाठी मुखवटा चढवितो. येथे नेहमीचे आयुष्य हाच मुखवटा झाला. आणि सोंगासाठी निवडलेला प्रसंग बायकोला मार बसण्याचा होता, तो पाहून कोणासही नवल वाटले नाही, ही गोष्ट वाचकाने विसरता कामा नये. कोणत्याही चित्रकथेतील वेशांतराहून हे सोंग अधिक धाडसाचे, आणि अधिक बोचणारेही आहे.

६

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो चित्रकथेचा जाणकार चाहताच प्रथम घेईल. वेताळाचे गुपित सर्वांपासून लपलेले नाही. १५३६ पासून पित्याकडून पुत्राकडे चालत आलेल्या ह्या परंपरेतील तो २१ वा पुरुष आहे. जंगलाबाहेरील जग त्यास अमर समजते, परंतु बांदर जमातीस तो मर्त्य असल्याचे ठाऊक आहे. तिचा प्रमुख गुरन हा तर त्याचा बाळमित्र. म्हणजे येथेही एक सबंध जमात गुपित राखते.

आक्षेप रास्त आहे. वेताळ ह्या मुलखातील वाचकास सुपरमॅनहून अधिक जवळचा का वाटावा, ह्याचे एक उत्तरही कदाचित ह्यातच सापडेल. परंतु साम्य येथेच संपते. बांदरांची निष्ठा ही उपकृताची निष्ठा आहे. पहिल्या वेताळाने त्यांना गुलामगिरीतून सोडविले, अशी मूळ कथा आहे. त्यानंतर चारशेहून अधिक वर्षे ते गुपित राखतात, पहारा करतात, पण त्यांच्यांतील कोणी वेताळ होत नाही. रखवालदारी एका घराण्याची आणि कृतज्ञता दुसऱ्यांची, ही वाटणी कधीच मोडत नाही. तूफान सेनेत मात्र गुपित राखणारा आणि गुपितातील मनुष्य ह्यांच्यांत अशी कायमची भिंत नव्हती. आज भाकरी देणाऱ्या घरातील मुलगा उद्या दलात दाखल होऊ शके.

भारतीय चित्रकथेने ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न केला, तो 'बहादूर'च्या रूपाने. गोविंद ब्राह्मणिया ह्यांनी रेखाटलेला हा तरुण डाकूचा मुलगा आहे. त्याच्या अंगावर भगवा कुर्ता आहे, तोंडावर मुखवटा नाही, आणि त्याचे बळ गावकऱ्यांच्या 'नागरिक सुरक्षा दला'त आहे. सातारा-सांगलीकडील वाचकास हे दल ओळखीचे वाटणे स्वाभाविक होते. परंतु ते पोलिसांच्या बाजूने, डाकूंच्या विरुद्ध उभे होते; तूफान सेना पोलिसांच्याच विरुद्ध उभी होती. उम्बेर्तो एको ह्यांनी १९६२ मधील आपल्या निबंधात सुपरमॅनविषयी असे दाखविले की, जगाची व्यवस्था पालटण्याचे सामर्थ्य असूनही तो मालमत्तेवर हल्ला करणाऱ्या चोरांच्या पाठीमागेच लागतो. प्रतिसरकारने तंटे सोडविण्यासाठी न्यायमंडळे चालविली, विनाखर्चाचे 'गांधी विवाह' लावून दिले. कोणताही सुपरहिरो लग्नाचा खर्च कमी करण्यास निघालेला नाही.

अर्थात माप दोन्हीकडे सारखे लावावयास हवे. 'प्रती'चे 'पत्री' झाले ते गुन्हेगारांच्या तळपायांना दिल्या जाणाऱ्या शिक्षेच्या कथेमुळे. वेताळाची अंगठी दुष्टाच्या गालावर कवटीची कायमची खूण उमटविते. लोकस्मृतीतील पत्री तळपायावर बसते. न्यायालयाबाहेर दिलेल्या शिक्षेवर नियंत्रण कोणाचे, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी उरतो. चित्रकथेत त्याला नायकाची शपथ हे एकच उत्तर आहे. प्रत्यक्ष इतिहासात ते उत्तर पुरे पडत नाही, आणि म्हणूनच त्याविषयीचा वाद आजही संपलेला नाही.

७

ह्या मुलखाने आपल्या वीराला दिलेले सर्वांत समर्थ साहित्यरूप म्हणजे अण्णा भाऊ साठे ह्यांची 'फकिरा' ही १९५९ मधील कादंबरी. वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे जन्मलेल्या ह्या लेखकाच्या कृतीस १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. फकिरा भुकेल्यांसाठी खजिना लुटतो; परंतु सरकार त्याच्या माणसांना धरते तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतः शरण जातो. चित्रकथेत हाच प्रसंग वारंवार येतो. खलनायक नायकाच्या प्रियजनांस ओलीस धरतो, आणि नायक युक्तीने त्यांनाही सोडवितो व स्वतःही सुटतो. फकिरासमोर अशी युक्ती नसते. ज्या समाजाने त्याला लपविले त्या समाजाचे ऋण त्याला देहाने फेडावे लागते. गुपित सर्वांचे असेल, तर त्याची किंमतही सर्वांना द्यावी लागते, आणि शेवटी वीराने ती आपल्या अंगावर घ्यावी लागते, हे ह्या वीरकल्पनेचे मर्म होय. मुखवट्याच्या कथेला ही किंमत टाळता येते. मुलखाच्या कथेला ती टाळता येत नाही.

ह्यावरून चित्रकथा हीन आणि कादंबरी श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. एकाच वाचकाच्या घरात वेताळाचे अंक, 'फकिरा' आणि आजोबांची हकिकत ही तिन्ही एकत्र नांदू शकत होती, आणि त्याची वीरकल्पना तिन्हींच्या घर्षणातून घडत होती. ह्या घडणीचा पुरावा आज झपाट्याने नाहीसा होत आहे. सार्वजनिक ग्रंथालयांनी अशा पुस्तिका सहसा नोंदवून घेतल्या नाहीत. खाजगी संग्रह रद्दीत गेले, वाळवीने खाल्ले, आणि ऑगस्ट २०१९ मधील कृष्णेच्या महापुरात तर सांगलीतील मान्यवर ग्रंथालयांचीही हानी झाली. १९६४ मध्ये दहा वर्षांचा असलेला वाचक आज सत्तरी ओलांडून गेला आहे.

सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव वसले आहे; तेथे घराघरांत वाङ्मयप्रकारांनुसार ग्रंथ मांडले आहेत. घराने पुस्तक सांभाळावे ही कल्पना ह्या मुलखाला शोभणारी आहे, कारण त्याने एके काळी माणसेही अशीच सांभाळली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ह्या जिल्ह्यांतील जुन्या वाचकांकडे जाऊन त्यांचे उरलेले अंक पाहावेत, त्यांची वाचनाची रीत आणि मते टिपून घ्यावीत, आणि त्याच बैठकीत घरातील भूमिगतांच्या हकिकतीही विचाराव्यात. ही दोन स्वतंत्र कामे नाहीत. वेताळाची अंगठी कोणत्या गालावर उमटते हे ज्याला आठवते, त्यालाच बहुधा हेही आठवत असेल की, आपल्या परड्यात रात्री कोण येऊन जेवून गेले, आणि ते कोणाला सांगावयाचे नव्हते.